साहेब येतायत

मराठी माणूस फ्लॅट घेतो तेव्हा वास्तुशांत करतो, सोनं घेतो तेव्हा मुहूर्त बघतो आणि स्पोर्ट्स कार घेतो तेव्हा खुलासा करतो. मी दातांचा डॉक्टर आहे, कोथरूडला राहतो आणि माझ्याकडे पोर्शे 911 आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी खणखणीत आवाजात सांगतो आणि तिसरी खोकल्यात मिसळून. पण ती तिसरी कुणाला ऐकूच गेली नाही तर मला रात्री झोप लागत नाही, हेही तितकंच खरं.

खुलासे तयार ठेवलेले असतात. सगळ्यात गुणकारी म्हणजे, "सेकंडहँड आहे हो." नवी गाडी घेण्याचं पाप पहिल्या मालकानं केलं, मी फक्त ते पाप भरघोस सवलतीत उचललं. समोरचा कच्चा असेल तर, "दवाखाना टाकल्यापासून एक दिवस सुट्टी घेतली नाही," हेही चालतं, पण गोव्याचे फोटो फेसबुकवर असल्यानं ते जपून वापरावं लागतं. अगदीच कोंडीत सापडलो की हॉस्टेलच्या भिंतीवरचं पोस्टर काढतो. जेवणात मेसची पातळ आमटी आणि भिंतीवर 911, असं चित्र उभं केलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत माया दाटून येते. मग तो त्याच मायेनं विचारतो, "कितीला पडली?"

खरी किंमत फक्त बायकोला माहीत आहे, कारण कर्जाच्या कागदांवर तिची सही आहे. बाकीच्यांसाठी ती माणूस बघून ठरते. नातेवाइकांपुढे ती खाली येते, वर्गमित्रांपुढे वर जाते. एक वर्गमित्र नुसते इम्प्लांट करतो, त्याच्यापुढे तर ती फारच वर गेली. एका मुंजीत तो आणि माझी आई शेजारी शेजारी पंगतीला बसलेले दिसले, तेव्हा माझ्या घशाखाली जिलबी उतरेना.

आईला सांगितलं होतं, "इनोव्हापेक्षा थोडी जास्त."

"मग इनोव्हाच घ्यायचीस ना. सात माणसं बसतात."

"हिच्यात चार बसतात, आई. मागे दोन सीट आहेत."

आईनं मागे वाकून पाहिलं. तिथं सीट आहेत हे कंपनीही सांगते आणि मीही सांगतो. पाय कुठं ठेवायचे ते दोघंही सांगत नाही. आईनं हातातली पिशवी तिथं ठेवून बघितली, कोथिंबीर चेपली, तशी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

लोकांनी किंमत विचारू नये म्हणून मी हल्ली गाडीचा इतिहास सांगतो. किंमत आठवणीतून निघून जाईपर्यंत सांगतो. वरच्या मजल्यावरच्या काकांना असंच जिन्यात गाठून सांगत होतो, की 1963 साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी आली ती 901 या नावानं. पण मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असा आक्षेप फ्रान्सच्या पूजो कंपनीनं घेतला. म्हणून मधलं शून्य काढून तिथं एक घातला आणि 911 झालं.

काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे नावातलं शून्य काढून किमतीला लावलं म्हणा की."

बाबांनी मात्र किंमत विचारलीच नाही, आणि तेच जास्त लागलं. बाबांची पिढी स्कूटरसाठी नंबर लावणारी. लायसन्स-परमिटच्या त्या काळात पैसे भरल्यावर स्कूटर हातात यायला वर्षंच्या वर्षं जात; बाबांनी लग्नाआधी नंबर लावला आणि स्कूटर आली तेव्हा तिच्यावर पुढं उभं राहायला मी तयार होतो. ती सुरू करण्यापूर्वी बाबा तिला एका अंगावर कलती करत आणि मग किक मारत. 911 भोवती त्यांनी एक चक्कर मारली आणि विचारलं, "स्टेपनी कुठंय?"

"हिला स्टेपनी नसते, बाबा."

"मग पंक्चर झालं तर?"

"एक बाटली असते. टायरमध्ये ओतायची. आणि हवा भरायचा छोटा पंप."

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं इन्शुरन्सचा हप्ता तेवढा विचारला. मी तो अर्ध्यावर आणून सांगितला, तरी ते म्हणाले, "माझा पेन्शनीच्या वर्षीचा पगार याहून थोडा कमीच होता." यात टोमणा नव्हता. बाबा आयुष्यभर हिशेबखात्यात होते, त्यांना आकडा आठवला इतकंच. पण त्या दिवशी मी ऑनलाइन मागवलेली चाकांची झाकणं परत पाठवली.

दसऱ्याला आईनं पूजेचं ताट आणलं. गाडीच्या इंजिनाला कुंकू लावायचं हा आमच्या घरचा स्कूटरपासूनचा नेम. तिनं बॉनेट उघडायला लावलं. आत रिकामी डिकी.

"इंजिन गेलं कुठं?"

"मागे असतं, आई."

मागचं झाकण उघडलं. आता ज्यांनी हे झाकण उघडून पाहिलंय त्यांना माहीत असेल, की तिथंही इंजिन दिसत नाही. दोन काळे पंखे दिसतात, एका अंगाला तेलाचं बूच आणि दुसऱ्या अंगाला कूलंटचं. 370 हॉर्सपॉवरचं ते सहा सिलिंडरी यंत्र खाली कुठं तरी सोवळ्यात बसलेलं. आईनं दोन्ही पंख्यांना कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि म्हणाली, "एवढ्या पैशांत दोन पंखे?" मग पुढं येऊन बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. रंगावर डाग पडू नये म्हणून त्यावर वेगळं कोटिंग केलेलं आहे, त्याची वेगळी गॅरंटी आहे आणि त्या गॅरंटीत कुंकवाचा उल्लेख नाही. मी रात्री अकराला मायक्रोफायबरचं फडकं घेऊन देवाची मनोमन माफी मागत खाली उतरलो, तर वॉचमन म्हणाला, "साहेब, पुसताय? आईसाहेब सांगून गेल्यात, कुणाला पुसू देऊ नको म्हणून."

गाडी घेतल्यावर पहिले काही दिवस मी ती दवाखान्यात नेत असे. खुर्चीवरून पेशंटला खिडकी दिसते आणि खिडकीतून गाडी, ही रचना मी मुद्दाम केली नव्हती असं म्हणणार होतो, पण खुर्ची थोडी फिरवून घेतली होती. एका काकूंच्या दाढेचं रूट कॅनॉल झालं होतं, वर कॅप बसवायची होती. मी मेटलचा, सिरॅमिकचा आणि झिर्कोनियाचा, असे तिन्ही दर सांगितले. काकूंनी तोंडातल्या कापसातून खिडकीकडे बोट करून काही तरी विचारलं. आमची असिस्टंट अभिमानानं म्हणाली, "आपल्या सरांचीच आहे!"

काकूंनी गाडीकडे पाहिलं, दरपत्रकाकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं. कापूस काढून म्हणाल्या, "मेटलची बसवा. आणि वरच्या दाढेचं राहू द्या सध्या."

त्यानंतर रांगच लागली. दाढ वाचवता येईल असं सांगितलं की लोक म्हणायचे, "नको, उपटूनच टाका." एका गृहस्थांनी तर पैसे भरून बाहेर गेल्यावर गाडीच्या डाव्या आरशावर हात ठेवला आणि बायकोला सांगितलं, "हा आपला." आरसा त्यांच्या खालच्या अक्कलदाढेच्या हिशेबात बसतही होता, म्हणून मला काही बोलता येईना.

तेव्हापासून दवाखान्यात मी जुन्या स्कूटरवर जातो. पेशंट खूश, अपॉइंटमेंटी पूर्ववत. पण मग दुसरंच दुखणं सुरू झालं: दिवसभरात कुणालाच कळेना की माझ्याकडे पोर्शे आहे! मग मी किल्ली टेबलावर ठेवायला लागलो. सहज. चिन्ह वर करून. एक्स-रे बघताना ती थोडी पुढं सरकवायची. कुणाचं लक्ष गेलं की घाईघाईनं खिशात टाकायची, कुणाचं गेलं नाही की पुन्हा काढायची. घरी हा प्रकार ऐकून बायको म्हणाली, "लपवायचीच होती तर एफडी करायची होतीस."

गाडीचा मुक्काम त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कव्हराखाली. कव्हरही असं, की आत काय आहे ते झाकलं जावं पण आकार सुटू नये. तिचा खरा लाभ सोसायटीतल्या मांजराला. थंडीत ते सवयीनं बॉनेटवर येऊन बसे, ऊब काही मिळत नसे, आणि ते माझ्याकडे फसवल्यासारखं बघे. एका रविवारी मी गाडी फिरवून आणल्यावर ते मागच्या काचेखाली जाऊन निजलं. 911 चं इंजिन मागे असतं हे आमच्या सोसायटीत सर्वांत आधी त्याला समजलं, आणि किंमत न विचारता गाडीचा उपभोग घेणारा तो एकमेव सभासद आहे.

बाकीच्या सभासदांना तिचा आवाज तेवढा मिळतो. रविवारी पहाटे साडेपाचला थंड इंजिन सुरू केलं की पार्किंगच्या स्लॅबखाली ते जे गरजतं, ते ऐकून माझा ऊर भरून येतो आणि त्याच क्षणी मान खाली जाते. सात वाजता ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज: "काही सभासदांच्या वाहनांमुळे ज्येष्ठ नागरिकांना त्रास होत आहे." हे 'काही सभासद' म्हणजे मी. त्यावर जोडलेले हात, अंगठे वगैरे सर्वांत आधी मीच टाकतो.

पहाटेच का? कारण दिवसा ती चालवणार कुठं? शून्यावरून शंभरला जायला ती साडेचार सेकंदांच्या आसपास घेते आणि तिचा सर्वाधिक वेग ताशी 290 च्या पुढं आहे. एक्सप्रेस वेवर मर्यादा 100, घाटात 60. समृद्धी महामार्गावर 120 पर्यंत मुभा आहे, पण त्यासाठी नागपूरला काही तरी काम काढावं लागतं. आणि कर्वे रस्त्यावर माझ्यापुढं पीएमटी असते. पीएमटी थांबली की मी थांबतो, ती निघाली की मी निघतो. तिचे प्रवासी मागच्या काचेतून माझ्याकडे दयेनं बघतात. शेजारी येऊन थांबलेली मोटरसायकलवरची पोरं ओरडतात, "काका, आवाज काढा ना!" मला त्यांच्या त्या वयाबद्दल फार जिव्हाळा आहे. मी इकडंतिकडं बघून एकदा ॲक्सिलरेटर दाबतो. बाजूच्या रिक्षावाल्याला ते अपेक्षित नसतं. तो जे बोलतो ते इथं छापता येणार नाही.

आणि मग स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकरची उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर असावी. म्हणजे कागदावर माझी गाडी पार होते. कागद रस्त्यावर अंथरला असता तर काही प्रश्नच नव्हता. प्रत्यक्षात आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर कुणी तरी रात्रीत उत्साहानं घातलेला आहे आणि त्याला उंची आहे पण रुंदी नाही. तो मी तिरका चढतो. आधी एक चाक, मग दुसरं, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, मागं वाहनांची रांग, आणि बायको रस्त्यावर ओणवी होऊन गाडीच्या पोटाखाली बघत असते: "ये... ये... ये... थांब! घासतंय!" वजन कमी व्हावं म्हणून आईलाही उतरवावं लागतं. ते उतरणंही सोपं नाही. सीट इतकी खाली, की बसताना अंग टाकून द्यायचं आणि उठताना दोघांनी उपसून काढायचं. चतुःशृंगीला गेलो तेव्हा आई दोन-तीन ब्रेकर असे उतरली-चढली, मग म्हणाली, "मी पुढं होते, तू ये सावकाश." आम्ही पोचलो तेव्हा तिचं दर्शन झालं होतं, ओटी भरून झाली होती आणि ती पायरीवर बसून कुणाला तरी सांगत होती, "मुलानं मोठी गाडी घेतलीय. येतोच आहे."

गणपतीच्या आधी मंडळाची पोरं आली. पावती घरूनच लिहून आणली होती.

"एवढे?"

"डॉक्टर, तुमची गाडी बघून आकडा टाकलाय."

"अरे, बँकेची आहे ती. हप्ते चालू आहेत."

"मग बँकेला देताय तेवढं बाप्पाला नाही का?"

याच्यावर उत्तर नाही. दिले. खरं सांगायचं तर देताना बरंही वाटलं. सर्व्हिसिंगचं बिल आलं की मी हल्ली लगेच कुठल्या तरी संस्थेची देणगीची पावती फाडतो. बिल मोठं असेल तर पावतीही मोठी. मागचे ब्रेक पॅड बदलले तेव्हा एका शाळेला पाण्याची टाकी मिळाली. गाडी अशीच बिघडत राहिली तर तालुका सुजलाम् होईल.

आपल्याकडे या बाबतीत कुणाचीच सुटका नाही, हा माझा मोठा दिलासा आहे. ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली म्हणून 2002 साली सचिन तेंडुलकरला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली, ती शूमाकरच्या हातून. पुढं तिच्यावरची कोटीच्या वरची आयात जकात सरकारनं माफ करायचं म्हटलं, तसा देशभर गहजब झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी जकात भेट देणाऱ्या फियाट कंपनीनं भरली. 2011 साली ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली गेली. ज्यानं देशासाठी बोलर फोडून काढले त्याला आम्ही गाडीचा हिशेब विचारला. दाढा पोखरणाऱ्याला काय सोडतो?

या सगळ्यावर तोडगा मला सापडला तो जुन्या हायवेवर, कामशेतच्या पुढच्या एका चहाच्या टपरीवर. रविवारची सकाळ. अंगात ट्रॅक पँट आणि एका परिषदेत फुकट मिळालेला, पोटावर हसरी दाढ छापलेला टी-शर्ट. दुधाचे कॅन मोटरसायकलला लावलेले एक पाहुणे गाडीभोवती फिरून आले आणि मला म्हणाले, "साहेब कुठं गेलं?"

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"कोण साहेब?"

"गाडीचं मालक वो."

खरं तर राग यायला हवा होता. पण तोंडातून शब्द गेला, "येतायत." आणि काय सांगू, खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटलं.

"मोठा मानूस आसंल."

"आहे तसा."

"काय करतो?"

"दात काढतो."

"दात काढून एवढी गाडी? आमच्याकडं लोकं फुकटच दात काढत्यात दिसभर." ते स्वतःच हसले. मग जवळ सरकून हळूच, "पगार तरी बरा देतो का?"

"कसला पगार! आलेलं सगळं गाडीवरच घालतो."

"आन् मानूस कसाय?"

"वाईट नाही. घाबरट आहे. स्पीडब्रेकर आला की खाली उतरून बघायला लावतो."

त्यांनी चुकचुक केली. मी मग अगदी मोकळेपणानं गाडीचं कौतुक केलं. वेग सांगितला, घोडे सांगितले, बॉनेट उघडून रिकामी डिकी दाखवली. एवढी स्तुती मी मालक म्हणून आयुष्यात केली नव्हती. किंमत विचारली तेव्हा "आपल्याला काय माहीत" म्हणालो, आणि ते त्यांना पटलंसुद्धा. निघताना चहाचे पैसे मी द्यायला लागलो तर माझा हात धरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझा साहेब काय परत देनार न्हाई."

तेव्हापासून मी शहराबाहेर ड्रायव्हर असतो. पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, लग्नाच्या हॉलबाहेर. बायकोला सुरुवातीला पटलं नाही, पण तिच्यासाठी दार उघडून धरावं लागतं हे कळल्यावर तिनं मॅडमपण चटकन अंगावर घेतलं. हल्ली घरातही "ड्रायव्हर, गॅस बंद कर" असं म्हणते.

घोटाळा एकदाच झाला. लग्नाच्या हॉलबाहेर इतर ड्रायव्हरांबरोबर उभं राहून मी मालकाच्या कंजूषपणाचे किस्से सांगत होतो. समोरून मेटलच्या कॅपवाल्या काकू आल्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. गाडीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदी बशीकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्ही हेही करता?" मी काय बोलणार! "रविवारी फक्त," एवढंच म्हणालो. काकूंचे डोळे पाणावले. "आणि आम्हाला वाटलं ती गाडी तुमची! त्या मुलीनं उगीच काही तरी सांगितलं."

पुढच्याच आठवड्यात काकू आल्या, वरच्या दाढेचं काम काढलं, झिर्कोनियाची कॅप बसवली, दरात घासाघीस केली नाही आणि जाताना डब्यातून अळूवड्या देऊन गेल्या. त्यांच्या भिशीतल्या दोघी-तिघीही आल्या. त्यांनीही झिर्कोनियाच घेतली. एकीनं तर विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" गाडीचा पुढचा हप्ता त्यातून व्यवस्थित गेला.

तेव्हा वाचकहो, दाढ दुखत असेल तर लवंग धरून दिवस काढू नका. दवाखाना संध्याकाळी पाच ते नऊ उघडा असतो, बाहेर एक जुनी स्कूटर उभी दिसेल. फक्त येताना रोख पैसे आणा. साहेबांचा हप्ता पाच तारखेला असतो.